व्हेकेशन लेनवरची शाळा

पत्ता होता ४१००, व्हेकेशन लेन. म्हणजे सुट्टीची गल्ली. शाळेला असा पत्ता मिळणं हा कुणाचा तरी खट्याळपणा असावा असं मला वाटायचं, पण रस्ता खरोखरच त्या नावाचा आहे. वॉशिंग्टन डीसीवरून पोटोमॅक नदीचा पूल ओलांडला की व्हर्जिनिया राज्यातली आर्लिंग्टन काउंटी लागते, तिच्या उत्तर भागात. तिथे एक लांबट, विटांची इमारत आहे, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली. बाहेरून बघितलं तर सरकारी कचेरी वाटावी. मी तिथे २०१२ ते २०१६ अशी चार वर्षं शिकले. तेव्हा त्या इमारतीत एचबी वुडलॉन नावाची शाळा भरायची.

हा लेख त्या शाळेबद्दल आहे आणि त्या इमारतीबद्दलही. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. माझी तिथली पहिली दोन वर्षं संपेपर्यंत मला फक्त शाळेचाच इतिहास माहीत होता.

आधी एक शब्द निस्तरून टाकू. नाशिकमध्ये ज्या शाळेच्या पाटीवर ‘पब्लिक स्कूल’ लिहिलेलं असतं, तिथे डोनेशन असतं, टाय असतो आणि पिवळ्या बसेसचा ताफा असतो. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरळ सरकारी शाळा, आपल्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जातीची. फी नाही. पैसा बराचसा घरपट्टीतून येतो. तुम्ही ज्या भागात राहता त्या भागाची शाळा तुमची. त्यामुळे चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरं महाग, आणि महाग घरांच्या हद्दीतल्या शाळा चांगल्या. हे चक्र कुठून सुरू झालं ते विचारू नका, त्यासाठी वेगळा लेख लागेल.

एचबी वुडलॉनला अशी हद्द नव्हती. सहावी ते बारावी मिळून सहाशे-सातशे मुलं, अमेरिकेतल्या हायस्कुलांच्या मानाने चिमुकली शाळा. काउंटीत राहणाऱ्या कुणालाही अर्ज करता यायचा. मुख्य प्रवेश सहावीला, थोड्या जागा नववीला. मार्कलिस्ट नको, परीक्षा नाही, मुलाखत नाही, ‘मला ही शाळा का हवी’ असा निबंध नाही. नाव, पत्ता, इयत्ता. मग सोडत. म्हाडाची निघते तशी. किंवा आरटीईच्या २५ टक्क्यांची निघते तशी.

बाबांना हे पटलं नव्हतं. आम्ही येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, मी आठवीत होते, आणि त्यांच्या मते ज्या शाळेला मुलांचे मार्क बघायचे नाहीत त्या शाळेला स्वतःचेही मार्क दाखवायचे नसणार. आई म्हणाली, फुकट फॉर्म आहे, भरून ठेवू. माझा नंबर प्रतीक्षायादीत सातवा लागला. ऑगस्टच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या दहा-बारा दिवस आधी फोन आला की जागा झाली आहे.

आम्हाला ही शाळा कळली ती बाबांच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी तिथे होती म्हणून. आमच्याच मजल्यावर एक बोलिव्हियन कुटुंब राहायचं. आर्लिंग्टनमध्ये बोलिव्हियातून आलेली माणसं खूप आहेत. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, माझ्यापेक्षा गणितात बरी. त्यांच्या घरी या शाळेचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. तिची आई रात्री ऑफिसं साफ करायला जायची. तिला असं सांगणारा सहकारी कुठून भेटणार? हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेतल्या गोष्टी भारतातल्या मैत्रिणींना सांगितल्या की त्या म्हणायच्या, तोत्तोचान! आपल्याकडे वेगळी शाळा म्हटलं की आगगाडीच्या डब्यातली ती शाळाच आठवते. आमच्याकडे डबे नव्हते, पण भिंती होत्या, आणि त्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं रंगवलेल्या. तासांच्या मधला वेळ तुमचा. तो अभ्यासात घालवायचा की जिन्यात बसून गिटार कुटण्यात, ते तुम्ही ठरवायचं आणि परिणामही तुम्हीच भोगायचे. शाळेचा कारभार ‘टाउन मीटिंग’ चालवायची. आठवड्यातून एकदा सभा, विद्यार्थ्याला एक मत, शिक्षकालाही एकच. पैसा कशावर खर्चायचा इथपर्यंतचे विषय तिथे यायचे. ऐकायला रोमांचक वाटतं, प्रत्यक्षात बऱ्याच सभा कंटाळवाण्या असायच्या. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेला कुणीही हे ओळखेल. लोकशाहीचा मोठा भाग तसाच असतो, हे मी चौदाव्या वर्षी शिकले, याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि शिक्षकांना नावाने हाक मारायची. सर नाही, मॅडम नाही, आडनाव नाही. नाशिकच्या शाळेत ‘बाई’ म्हणणाऱ्या मुलीची जीभ पहिले दोन महिने वळत नव्हती. मी कुणालाच हाक मारायचे नाही, समोर जाऊन उभी राहायचे. खरी पंचाईत दर रविवारी आजीशी बोलताना व्हायची. आजी सिन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. इंग्रजीत सगळेच ‘यू’, तिथे भागून जायचं. पण मराठीत मला ठरवावं लागे: इतिहासाचे शिक्षक ‘तो म्हणाला’ की ‘ते म्हणाले’? एकदा ‘तो’ निसटलं.

“अगं, मास्तरांना नावानं हाक मारतेस?” आजी म्हणाली. “आणि ते ओ देतात?”

देतात म्हटलं. आजी जरा वेळ गप्प. मग तिने सोडतीबद्दल विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं, किती न्याय्य पद्धत आहे वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, ती पोरं कुठं गेली?”

मी म्हटलं, आपापल्या भागातल्या शाळेत. ती “बरं” म्हणाली. निवृत्त शिक्षिकेचं “बरं” कसं असतं, ते ज्यांच्या घरी आहेत त्यांना माहीत असेल.

आता शाळेचा इतिहास. अशा शाळा अमेरिकेत साठच्या दशकाच्या शेवटी एकदम उगवल्या. मागे दोन झरे होते. एक इंग्लंडातला: ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये काढलेली समरहिल, जिथे मुलं तासाला बसायचं की नाही ते स्वतः ठरवत आणि शाळेचे नियम सभेत मतदानाने करत. नील यांच्या लेखनाचं संकलन १९६० मध्ये अमेरिकेत छापलं गेलं आणि दशकभरात त्याच्या लाखो प्रती खपल्या. दुसरा झरा घरचाच: जॉन ड्यूई. लोकशाही म्हणजे फक्त सरकार निवडण्याची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, आणि ती शाळेतच अंगवळणी पडली पाहिजे, असं मांडणारा तत्त्वज्ञ. मराठी वाचकाला ड्यूई परका नसावा. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर त्याच्या वर्गात बसले होते, आणि १९३६च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते त्याचं ऋण नाव घेऊन मान्य करतात. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, आणि त्याच महिन्याच्या १ तारखेला ड्यूई वारला होता. भेट राहून गेली.

फिलाडेल्फियात १९६९च्या फेब्रुवारीत ‘पार्कवे प्रोग्रॅम’ सुरू झाला, तो या पिढीतला सगळ्यात धाडसी. त्याला इमारतच नव्हती. सरकारी हायस्कूल, पण वर्ग भरायचे विज्ञान संग्रहालयात, कलादालनात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, जिथे जागा मिळेल तिथे. जॉन ब्रेमर हा त्याचा पहिला संचालक. प्रवेश शहरभरातल्या मुलांना खुला आणि तोही सोडतीने, कारण जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, फ्रेडरिक वाइजमनने त्याच शहरातल्या एका नेहमीच्या हायस्कूलवर ‘हायस्कूल’ हा माहितीपट काढला होता. परवानगीच्या चिठ्ठ्या, स्कर्टची लांबी, ‘मी सांगतो म्हणून’. तो बघितला की पार्कवेला रांग का लागली ते वेगळं सांगावं लागत नाही.

पार्कवेचं बघून शिकागोत मेट्रो हायस्कूल निघालं. न्यूयॉर्कमध्ये १९७२ मध्ये ‘सिटी-अ‍ॅज-स्कूल’ सुरू झालं, म्हणजे शहर हीच शाळा. चित्रकार जाँ-मिशेल बास्किया तिथलाच. शहराच्या भिंतींवर ‘सेमो’ या टोपणनावाने लिहिण्याची कल्पना त्याला आणि त्याचा मित्र अल डियाझ याला तिथे शिकत असतानाच सुचली. शहरालाच शाळा म्हटल्यावर मुलं शहराच्या भिंतींवर लिहिणार, यात शिक्षण खात्याने दचकण्यासारखं काही नव्हतं.

आर्लिंग्टनमध्ये १९७१ साली काही विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांनी मागणी करून ‘वुडलॉन प्रोग्रॅम’ मिळवला. रे अँडरसन हा तरुण शिक्षक त्याचा प्रमुख. तो २००४पर्यंत तिथेच प्रमुख होता. एका सरकारी शाळेत तेहेतीस वर्षं एकच माणूस, हे अमेरिकेत विरळाच. पुढच्या वर्षी त्याहून लहान मुलांसाठी तसाच एक प्रोग्रॅम हॉफमन-बॉस्टन या दुसऱ्या इमारतीत निघाला. १९७८ मध्ये दोन्ही एकत्र आले आणि व्हेकेशन लेनवरच्या रिकाम्या झालेल्या इमारतीत राहायला गेले. नाव झालं एचबी वुडलॉन. एच म्हणजे हॉफमन, बी म्हणजे बॉस्टन.

शाळेची ही गोष्ट आम्हाला पाठ होती. नवीन मुलांना आम्ही ती सांगायचोही. बंडखोर साठोत्तरी, चिठ्ठ्या, सभा, भिंती. छान गोष्ट आहे आणि खरीही आहे.

दुसरी गोष्ट दहावीत, इतिहासाच्या एका प्रकल्पामुळे हाती लागली. विषय अगदी साधा होता: तुमच्या शाळेच्या नावातली माणसं कोण?

एडवर्ड हॉफमन आणि एला बॉस्टन हे आर्लिंग्टनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या जुन्या शाळांचे मुख्याध्यापक. त्यांच्या नावाची शाळा ही काउंटीतली कृष्णवर्णीय मुलांची एकमेव माध्यमिक शाळा होती, काउंटीच्या दक्षिण टोकाला. गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, सरकारी पैशाने चालणाऱ्या, कायद्याने वेगळ्या. उत्तरेकडे हॉल्स हिल ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. तिथल्या मुलांना जवळच्या गोऱ्यांच्या शाळा मागे टाकून काउंटी ओलांडत हॉफमन-बॉस्टनला जावं लागायचं. हॉल्स हिलला लागून गोऱ्यांची वस्ती उठली, तेव्हा १९३०च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी मध्ये उंच भिंत उभी केली. तिचे तुकडे अजून आहेत. आणि भिंतीपलीकडच्या त्या वस्तीचं नाव होतं वुडलॉन.

म्हणजे माझ्या शाळेच्या नावातला पहिला अर्धा भाग दूर ढकललेल्यांच्या शाळेचा आणि दुसरा अर्धा भिंत बांधणाऱ्यांच्या बाजूचा. मुद्दाम कुणी ते असं जोडलं नव्हतं. दोन इमारतींची दोन नावं, एवढंच.

पण खरा धक्का पुढे होता. आमची इमारत आधी ‘स्ट्रॅटफर्ड ज्युनियर हायस्कूल’ होती.

१७ मे १९५४ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. आर्लिंग्टनच्या शाळामंडळाने १९५६च्या सुरुवातीला हळूहळू शाळा एकत्र करण्याची योजना जाहीर केली. हे मंडळ लोकांनी निवडून दिलेलं होतं, व्हर्जिनियातलं तसं पहिलंच. राज्याच्या विधिमंडळाने काय करावं? आर्लिंग्टनचा मंडळ निवडण्याचा हक्कच काढून घेतला. त्या वर्षी सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नेतृत्वाखाली राज्याने ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’, म्हणजे सर्व बळानिशी विरोध, असं धोरणच आखलं: एखादी शाळा एकत्र होणार असेल तर ती बंद करायची. १९५८च्या सप्टेंबरात नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतल्या शाळांना खरोखरच कुलपं लागली. सुमारे १३,००० मुलं घरी बसली, त्यात बहुसंख्य गोरी. मुलांना एका वर्गात बसवण्यापेक्षा स्वतःच्याच मुलांची शाळा बंद केलेली बरी, असा तो हिशेब.

आर्लिंग्टनमध्ये नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या मदतीने पालक १९५६ मध्येच कोर्टात गेले होते. त्यांच्यात डोरोथी हॅम होत्या. कोर्टाने भेदभाव थांबवायला सांगितलं, तर राज्याने वाटेत एक नवी पायरी बसवली: प्रवेश मंडळ. कुठल्या मुलाने कुठल्या शाळेत जायचं ते हे मंडळ ठरवणार, आणि कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांच्या शाळेत जायचं असेल तर त्याने अर्ज करायचा.

१९५८ मध्ये असे ३० अर्ज आले. मंडळाने सगळे फेटाळले. प्रकरण न्यायाधीश अल्बर्ट ब्रायन यांच्यापुढे गेलं तेव्हा नकाराची कारणं पाच गटांत मांडली गेली: राहण्याची हद्द, वॉशिंग्टन-ली या हायस्कुलातली गर्दी, शैक्षणिक प्रगती, मानसिक अडचणी आणि जुळवून घेण्याची क्षमता. शेवटचं कारण पुन्हा वाचा. मूल हुशार आहे, त्याच शाळेच्या हद्दीत राहतं, वर्गात जागा आहे, पण ते नव्या शाळेत ‘जुळवून घेईल’ असं मंडळाला वाटत नाही. अर्जात वंशाचा उल्लेख न करता वंश बघायची ही सोय होती. ब्रायन यांनी २६ नकार ग्राह्य धरले. चार मुलांच्या बाबतीत मात्र एकही कारण टिकत नव्हतं. त्यांना स्ट्रॅटफर्डमध्ये घ्या, असा निकाल झाला, आणि तोही पुढच्या सत्रापासून.

१९ जानेवारी १९५९ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि संघीय न्यायालयानेही शाळाबंदीचे कायदे रद्द केले. २ फेब्रुवारीला हॉल्स हिलमधली चार मुलं, तीन मुलगे आणि एक मुलगी, सातवीतली, टेकडी चढून स्ट्रॅटफर्डच्या दारातून आत गेली. व्हर्जिनियात त्या दिवशी पहिल्यांदा सरकारी शाळा एकत्र झाल्या. इथे आर्लिंग्टनमध्ये आणि त्याच दिवशी नॉरफोकमध्ये. बाहेर शंभरेक पोलीस उभे होते. दंगल झाली नाही, दगड पडला नाही. ‘काहीच न घडलेला दिवस’ असं त्याचं वर्णन काउंटीत अजून अभिमानाने करतात. बारा-तेरा वर्षांच्या चार मुलांना पोलिसांच्या रांगेतून शाळेत जावं लागणं याला ‘काहीच नाही’ म्हणायचं असेल तर म्हणा. राज्याच्या दक्षिणेला प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर त्याच वर्षी सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या आणि पाच वर्षं, १९६४पर्यंत, उघडल्या नाहीत.

ज्या दारातून ती चौघं आत गेली, त्याच दारातून मी रोज उशिरा, केस ओले, हातात सँडविच अशी शिरायचे.

पुढचं एकत्रीकरण कसं झालं तेही बघण्यासारखं आहे. हॉफमन-बॉस्टन ही माध्यमिक शाळा म्हणून १९६४ मध्ये बंद झाली. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत पाठवलं गेलं, उलट मात्र झालं नाही. मग १९७१ मध्ये ड्रू या कृष्णवर्णीयांच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना बसमधून काउंटीभर वाटून टाकण्यात आलं. १९७१. वुडलॉनच्या मुलांनी स्वातंत्र्याची शाळा मागून घेतली तेच वर्ष. एकाच काउंटीत एका गटाची मुलं ‘आम्हाला हवी तशी शाळा द्या’ म्हणत होती आणि दुसऱ्या गटाची हक्काची शाळा निघून जात होती. दुसऱ्या वर्षी पहिल्या गटाच्या धाकट्या भावंडांना जागा मिळाली ती हॉफमन-बॉस्टनच्या रिकाम्या वर्गांत. यात कट नव्हता. सरकारी खात्याला रिकाम्या इमारती वापरायच्याच असतात. पण त्या रिकाम्या का होत्या, ते आमच्या पाठ केलेल्या गोष्टीत नव्हतं.

ही टीका तेव्हाही झाली होती. जोनाथन कोझोल हा बॉस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीत शिकवलेला शिक्षक-लेखक. १९७२ मध्ये त्याने मुक्त शाळांवरच पुस्तक लिहिलं आणि सुखवस्तू गोऱ्यांच्या, खेड्याकडे पळालेल्या, सूतकताई-मातीकाम छाप शाळांना चांगलंच झोडपलं. त्याचा रोख असा की ज्याच्याकडे आधीच सगळं आहे त्याला वाचायला शिकायची घाई नसते. गरिबाच्या मुलाला असते. खरं तर मुक्त शाळा हा शब्दही आधी दक्षिणेकडचा आहे. १९६४च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चर्चच्या तळघरांत आणि झाडांखाली चाळीसेक ‘फ्रीडम स्कूल’ भरल्या होत्या. तिथे मुलं नागरिकशास्त्र शिकत होती, कारण त्यांच्या आईवडलांना मत देऊ दिलं जात नव्हतं. ‘मोकळा वेळ’ हा तिथला विषय नव्हता.

कोझोलशी मी वाद घालते तो एका उदाहरणाच्या आधारे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डेबोरा मायर यांनी १९७४ मध्ये एक छोटी सरकारी प्राथमिक शाळा काढली आणि १९८५ मध्ये तिचीच माध्यमिक शाळा: सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूल. साडेचारशेच्या आसपास मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, बहुतेक गरीब घरांतली. तिथे बारावीची परीक्षा नव्हती. चौदा विषयांतलं काम गोळा करायचं आणि त्यातलं निम्मं एका समितीपुढे बसून मांडायचं, समितीत शिक्षक आणि चक्क एक विद्यार्थीही. प्रत्येक कामाला पाच प्रश्न विचारले जात: हे कशावरून? हे कुणाच्या नजरेतून? याचा आणखी कशाशी संबंध? असं नसतं तर? आणि याचं कुणाला काय पडलंय? शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. वाइजमनने १९९४ मध्ये याच शाळेवर ‘हायस्कूल टू’ काढला, जवळजवळ पावणेचार तासांचा. यूट्यूबच्या वेगाला सरावलेल्यांना तो जड जाईल. त्यात लोक नुसते बोलत बसतात, मुलगा आणि मुख्याध्यापिका आणि आई, एका खोलीत, भांडण मिटेपर्यंत. तिथली बहुतेक मुलं कॉलेजला गेली. मुद्दा असा की मोकळीक ही श्रीमंतांची चैन असलीच पाहिजे असं नाही, मात्र तिला शिक्षक लागतात, वेळ लागतो, आणि प्रत्येक मुलाला नावाने ओळखण्याइतकी शाळा लहान लागते. मायर गेल्यावर ती शाळा पूर्वीसारखी राहिली नाही, हेही खरं.

आणि अर्जाचं काय? न्यूयॉर्कने नंतर शेकडो छोटी हायस्कुलं काढली, तेव्हा कोण कुठे जाणार हाच मोठा प्रश्न झाला. २००३पर्यंत दरवर्षी ३०,०००च्या वर मुलं पसंतीच्या यादीत नसलेल्या शाळेत ढकलली जात. मग अर्थतज्ज्ञ अ‍ॅल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी पद्धत बसवली. तिचं बीज गेल आणि शॅप्ली यांच्या १९६२च्या, लग्नं जुळवण्यावरच्या एका गणिती लेखात होतं. मुलाने खरा पसंतीक्रम लिहावा, डाव खेळायची गरज पडू नये, ही तिची खुबी. पहिल्याच वर्षी तो आकडा ३,०००च्या आसपास आला. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२चं नोबेल मिळालं. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरून रात्रभर पोर्टल रिफ्रेश केलेल्यांना यातलं सुख कळेल. पण कितीही चांगलं गणित असलं, तरी ते चांगल्या शाळेच्या जागा वाढवत नाही. आहेत त्या नीट वाटतं. आजीचा प्रश्न तिथेच राहतो.

सोडतीबद्दल मात्र माझं मत १९५८चे ते ३० अर्ज वाचल्यावर बदललं. आधी मला ती आळशी पद्धत वाटायची: ठरवता येत नाही म्हणून चिठ्ठ्या. पण ‘जुळवून घेण्याची क्षमता’ बघणारं मंडळ त्याच इमारतीच्या दाराशी बसलेलं होतं, हे कळल्यावर काहीही न विचारणारा फॉर्म वेगळा दिसायला लागतो. मुलाखत घेतली असती तर मोडकं इंग्रजी बोलणारी, शिक्षकांसमोर मुक्याने उभी राहणारी मुलगी ‘मोकळ्या वातावरणाशी जुळवून घेईल’ असं कुणाला वाटलं असतं? चिठ्ठीला तसं काही वाटत नाही.

फक्त चिठ्ठी त्यांचीच निघते, ज्यांनी टाकलेली असते. आमच्या मजल्यावरच्या त्या मुलीची पेटीत नव्हतीच. एचबी वुडलॉनवर काउंटीच्या मानाने जास्त गोरी, जास्त सुस्थितीतली शाळा अशी टीका होत आली आहे, त्याचं कारण सोडतीत नसून सोडतीच्या आधी आहे. माहिती कुणाकडे पोचते, संध्याकाळच्या माहितीसभेला येण्याइतका वेळ कुणाच्या आईला असतो, ‘प्रयोग’ या शब्दाची भीती कुणाला परवडत नाही. बाबांची ती भीती मी हसण्यावारी नेत असे. आता नेत नाही. ज्याच्या व्हिसाला तारीख आहे त्याने मुलीच्या शाळेवर जुगार का खेळावा? आई नसती तर फॉर्म भरलाच गेला नसता.

आमच्या मजल्यावरची मुलगी आपल्या भागातल्या मोठ्या हायस्कूलला गेली. तिथे दोन हजारांच्या आसपास मुलं. आज ती नर्स आहे, उत्तम चाललंय तिचं. हे सांगायचं कारण, दुसरीकडे गेलेल्यांचं वाटोळं झालं असा सूर मला लावायचा नाही. तिला मी एकदा विचारलं होतं की तुला ती शाळा आवडली असती का. ती म्हणाली, “मला कसं कळणार?”

२०१९ मध्ये शाळा हलली. रॉसलिन भागात उंच इमारतींच्या मध्ये, पत्ते पसरावेत तसे एकावर एक फिरवलेले मजले असलेली नवी झगझगीत इमारत, डॅनिश वास्तुशिल्पी ब्यार्के इंगल्स यांच्या कंपनीने आखलेली. गच्च्यांवर गवत आहे. जुन्या रंगवलेल्या भिंती अर्थातच मागे राहिल्या. नाव तेच, एचबी वुडलॉन. प्रवेश अजून सोडतीनेच होतो.

व्हेकेशन लेनवरच्या इमारतीत त्याच वर्षी नवीन मिडल स्कूल सुरू झालं, आसपासच्या भागातल्या मुलांसाठी, हद्दीप्रमाणे. त्याचं नाव डोरोथी हॅम मिडल स्कूल. जिच्या मुलांच्या प्रवेशासाठी खटला झाला, तिचं नाव आता त्या दारावर आहे, आणि सातवीतल्या मुलाला तिथे जायला अर्ज करावा लागत नाही.

आजीला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने त्या चार मुलांची नावं विचारली. मी वाचून दाखवली. मग ती म्हणाली, उरलेल्या २६ जणांची सांग. न्यायाधीश ब्रायन यांचं ते निकालपत्र इंटरनेटवर आहे, फार लांब नाही, मोबाईलवरही वाचता येतं. मी ते उघडलं आणि वाचायला लागले.